हवाबंद डबा, सिलिका जेल आणि दागिने : सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस दागिन्यांची पेटी उघडली, तेव्हा चांदीचे पैंजण काळवंडलेले होते, मुलामा दिलेल्या बांगड्यांच्या आतल्या बाजूला हिरवा कळंक चढला होता आणि पेटीच्या मखमली अस्तराला कुबट वास येत होता. त्यामुळे या वर्षी पावसाला सुरुवात होण्यापूर्वीच मी ती पेटी बाजूला ठेवली आणि सहा लिटरचा पारदर्शक हवाबंद डबा, हवेतली ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या प्रत्येकी ५० ग्रॅमच्या दोन पिशव्या, एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक, चांदी काळी पडू नये म्हणून मिळणाऱ्या कागदाच्या पट्ट्या आणि दाबून बंद होणाऱ्या पॉलिथिनच्या लहान पिशव्या असा सगळा सरंजाम जमवला. सात महिने तो रोजच्या वापरात आहे आणि त्यातले चार महिने भर पावसाचे होते. काही गोष्टी अपेक्षेहून चांगल्या ठरल्या, काही साफ फसल्या आणि दोन दागिन्यांच्या बाबतीत तर हा कोरडेपणाच अपायकारक ठरू शकला असता.

सर्वांत आधी आर्द्रतामापकाविषयी लिहिते, कारण त्याच्यावर विश्वास ठेवता येत नसेल तर पुढच्या साऱ्या नोंदी निरर्थक ठरतात. स्वस्त मापक तीन-चार टक्क्यांनी सहज चुकतो. तो तपासण्याची पद्धत मात्र सोपी आहे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्याचा ओलसर लगदा होईल इतकेच पाणी घालायचे, मीठ पूर्ण विरघळू द्यायचे नाही आणि ते झाकण व मापक एका घट्ट पिशवीत शेजारी शेजारी रात्रभर ठेवायचे. अशा बंद जागेत सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. माझा मापक ७१ दाखवत होता, म्हणून पुढे दिलेले सर्व आकडे चार मिळवून दिलेले आहेत.

पहिला डबा मी चुकीचा निवडला. त्याचे झाकण दोन्ही बाजूंच्या खिट्यांनी घट्ट बसत होते, परंतु झाकणाच्या खोबणीत कोणतीही मऊ कड नव्हती. खोलीत ८२ ते ८८ टक्के आर्द्रता असताना या डब्यात पहिल्या दिवशी ४० टक्के होती आणि ती रोज थोडी थोडी चढत नवव्या दिवशी ६० च्या पुढे गेली. जेल निकृष्ट आहे असे समजून मी ते परत करण्याच्या विचारात होते. पण पिशवी वजनकाट्यावर ठेवून पाहिली तेव्हा खरा दोष कुठे आहे ते कळले. ती ५० ग्रॅमची पिशवी ६१ ग्रॅमची झाली होती, म्हणजे जेलने आपले काम चोख केले होते. तीस अंश तापमानाची पूर्ण संपृक्त हवा दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी धरते. या हिशेबाने सहा लिटरच्या डब्यातल्या हवेत पाव ग्रॅमसुद्धा पाणी मावत नाही. अस्तरातली आणि दागिन्यांच्या कापडी पिशव्यांतली ओल धरली तरी नऊ दिवसांत अकरा ग्रॅम पाणी येते कुठून? उघड आहे की ते बाहेरून येत होते आणि मी एका डब्याऐवजी सगळी खोली कोरडी करण्याचा खटाटोप करीत होते.

दुसरा डबा घेतला तो झाकणाला सिलिकोनची कड असलेला. घेतल्याबरोबर त्यात टिपकागद ठेवून, झाकण लावून, तो पाण्याखाली दाबून धरला आणि कागद कोरडा राहिल्याची खात्री केली. या डब्यात तेवढ्याच वजनाची पिशवी पूर्ण महिनाभरात तीन ग्रॅमने वाढली आणि त्या काळात डबा मी आठवड्यातून दोन-तीनदा उघडत होते. आतली आर्द्रता ३२ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान राहिली. सिलिका जेल साधारण ४० टक्के आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक पंचमांश पाणी धरते, त्यामुळे ५० ग्रॅमची पिशवी ६० ग्रॅमच्या आसपास पोहोचली की ती वाळवायची, असा मी नियम केला आहे. जेलच्या रंग बदलणाऱ्या मण्यांपेक्षा मला हा वजनाचा हिशेब अधिक भरवशाचा वाटतो. रंगाविषयी एक खबरदारी मात्र सांगायला हवी. ओल धरल्यावर निळ्याचे गुलाबी होणारे मणी कोबाल्ट क्लोराइडने रंगवलेले असतात आणि ते रसायन आरोग्याला घातक मानले जाते. घरात हाताळायचे असेल तर नारिंगीचे हिरवे होणारे मणी घ्यावेत.

जेल पुन्हा वाळवण्याच्या कामात मी एक पिशवी गमावली. वेष्टनावर ‘पुनर्वापरयोग्य’ असे ठळकपणे छापलेले होते, म्हणून ती जशीच्या तशी ओव्हनमध्ये ठेवली. मणी सुखरूप राहिले, पण पिशवीचे न विणलेले कृत्रिम कापड आक्रसून ट्रेला चिकटले. आता मणी उथळ धातूच्या ताटलीत पसरून १२० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवते, नंतर काचेच्या झाकणबंद बरणीत थंड होऊ देते आणि सुती पिशवीत भरते. उघड्यावर थंड होऊ दिले तर वाळवलेले जेल तेवढ्या वेळातही हवेतली ओल ओढू लागते. या मण्यांची बारीक पूड दागिन्यांवर पडू नये, म्हणून पिशवीचे विणकाम दाट असावे.

आता चांदी. सर्वांत मोठा धडा मला तिनेच दिला. चौथ्या आठवड्यात डबा उघडला तेव्हा आर्द्रता ३५ टक्के होती, जेल उत्तम स्थितीत होते आणि तरीही चांदीच्या दोन साखळ्यांवर तपकिरी-काळे पट्टे उमटले होते. बाकीच्या साखळ्या स्वच्छ आणि याच दोघींवर पट्टे का, याचे उत्तर लगेच सापडले. एकमेकींत गुंतू नयेत म्हणून मी त्या दोन साखळ्या रबरबँडने बांधून ठेवल्या होत्या आणि पट्टे नेमके रबराच्या जागी होते. चांदी काळी पडते ती पाण्यामुळे नव्हे, तर गंधकामुळे. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूंशी संयोग होऊन पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर तयार होतो आणि ओल ही क्रिया फक्त वेगवान करते. रबराला टिकाऊपणा यावा म्हणून त्यावर गंधकाची प्रक्रिया केलेली असते. लोकरीच्या कापडातही गंधक असते. थोडक्यात, कोरड्या डब्यात शत्रूला मी स्वतःच्या हातांनी आत नेऊन बसवले होते.

त्यानंतर मी थोडा पद्धतशीर प्रयोग केला. एकाच घडणीची तीन साधी चांदीची वळी होती. एक जुन्या मखमली पेटीत ठेवले, दुसरे केवळ जेल असलेल्या डब्यात आणि तिसरे जेलसोबत चांदी काळी पडू नये म्हणून मिळणारा कागद घातलेल्या पिशवीत ठेवले. असल्या कागदात सक्रिय कोळसा किंवा तांब्याचे कण असतात आणि चांदीपर्यंत पोहोचण्याआधीच गंधकयुक्त वायू ते स्वतः धरून ठेवतात. चार महिन्यांनी पेटीतले वळे तपकिरी झाले होते. केवळ जेलमधल्या वळ्यावर फिकट पिवळी झाक होती, आणि सल्फाइडचा थर अगदी पातळ असतो तेव्हा तो असाच दिसतो. कागदाच्या सोबतीतले वळे होते तसेच राहिले. एकाच घरातला आणि तीनच नगांचा हा प्रयोग आहे, त्यामुळे त्यातून नियम काढू नये. तरीही चांदीसाठी जेल आणि कागद यांपैकी एकच घ्यायचे झाले, तर मी आता कागद घेईन. ऱ्होडियम या न काळवंडणाऱ्या धातूचा मुलामा दिलेल्या चांदीला मात्र दोन्हींची गरज भासत नाही.

काळवंडलेल्या साखळ्या मी अॅल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा या परिचित उपायाने स्वच्छ केल्या. यात घासून चांदी झिजत नाही. सल्फाइडमधले गंधक अॅल्युमिनियम घेते आणि चांदी जागच्या जागी परत मिळते. त्या वेळी येणारा सडकट वास हा गंधकाचाच पुरावा असतो. नक्षीच्या खोलगट भागात मुद्दाम काळेपणा दिलेले दागिने, मोती आणि खडे जडवलेले दागिने या पाण्यात घालू नयेत.

मुलामा दिलेल्या दागिन्यांबाबत हा डबा मला फारसा उपयोगी पडला नाही आणि त्यात चूक बरीचशी माझीच होती. एका संध्याकाळी पावसात भिजून घरी आल्यावर बांगड्या वरवर पुसून लगेच पॉलिथिनच्या पिशवीत बंद केल्या. आठवड्याने पाहिले तर सांध्यांवर हिरवे ठिपके. ओल बाहेर ठेवणारी पिशवी आतली ओलही तितक्याच निष्ठेने कोंडून ठेवते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. डब्यातल्या जेलचा त्या बंद पिशवीच्या आतल्या हवेशी काही संबंधच उरला नव्हता. शिवाय पावसाच्या पाण्यापेक्षा घामातले मीठ अधिक उपद्रवी असते. मुलाम्याच्या थराला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून क्षार खालच्या पितळेपर्यंत पोहोचतात आणि मग कळंक आतून बाहेर येतो. आता भिजलेला दागिना मी आधी साध्या पाण्यातून काढते, सुती कापडाने टिपते, केस वाळवण्याच्या यंत्राची थंड हवा सांध्यांवर सोडते आणि तासभर उघड्यावर ठेवल्यानंतरच पिशवीत घालते. या शिस्तीनंतर नवे ठिपके आले नाहीत, परंतु जुने गेले नाहीत. आतल्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावण्याचा सल्ला अनेकदा ऐकू येतो. मी एका बांगडीवर तो करून पाहिला. तीन आठवड्यांत लेप कडेने सुटला आणि त्याच्याखाली घाम साचू लागला, म्हणून तो सगळा काढून टाकावा लागला.

सोन्यासाठी हा खटाटोप करण्याची गरज मला दिसत नाही. बावीस कॅरटच्या दागिन्यात ९१.६ टक्के सोने असते आणि ओलीने त्याचे काही बिघडत नाही. पावसाळ्यात ते निस्तेज दिसते ते साबणाचा आणि मळाचा थर बसल्यामुळे. चौदा कॅरटमध्ये सोने ५८.५ टक्केच असते आणि उरलेल्या तांब्या-चांदीमुळे त्यावर थोडी काळसर छटा येऊ शकते. माझी तशी एकच अंगठी आहे आणि तिच्यात सात महिन्यांत फरक पडलेला नाही.

मोत्यांच्या बाबतीत मात्र मी थोडक्यात वाचले. पहिले तीन आठवडे मोत्यांचा सरही याच डब्यात होता. गाठ सैल झाली म्हणून तो सराफांकडे नेला, तेव्हा बोलता बोलता डब्याचा विषय निघाला आणि त्यांनी तो सर तिथून त्वरित काढायला सांगितले. मोती हे कॅल्शियम कार्बोनेटचे थर आणि त्यांना सांधणारे सेंद्रिय द्रव्य यांचे बनलेले असतात आणि त्यांत साधारण दोन ते चार टक्के पाणी असते. फार कोरड्या हवेत ते दीर्घकाळ राहिले, तर थरांना बारीक तडे जाण्याचा धोका असतो. ओपलची अवस्था त्याहून नाजूक असते, कारण बहुतेक मौल्यवान ओपलमध्ये सहा ते दहा टक्के पाणी असते. मी मोत्यांचा सर आणि ओपलची अंगठी अशा दोन्ही वस्तू त्याच दिवशी बाहेर काढल्या. आता त्या मऊ सुती कापडात गुंडाळून कपाटातल्या एका खणात असतात, तिथे आर्द्रता ५० ते ६० टक्के राहील असे पाहते आणि पावसाच्या दिवसांत आठवड्यातून एकदा तो खण उघडून हवा खेळू देते. मोत्यांचा सर भिजला तर अडकवून वाळवू नये, कारण ओला रेशमी दोरा मोत्यांच्या भाराने ताणला जातो. तो सपाट ठेवूनच वाळवावा. डब्यासोबत आलेल्या माहितीपत्रकात ‘सर्व प्रकारच्या दागिन्यांसाठी’ असे बिनदिक्कत लिहिलेले आहे. या संपूर्ण खरेदीत मला खटकलेली सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे.

तक्रारी आणखी दोन आहेत, किरकोळ. मापकाची बटणाएवढी बॅटरी पाच महिन्यांतच उतरली आणि उतरण्यापूर्वी काही दिवस तो मनाला येईल ते आकडे दाखवत होता. डब्याच्या चार खिट्यांपैकी एक ढिली झाली आहे. ती घट्ट न लावता राहिली, तर दुसऱ्याच दिवशी आर्द्रता सहा-सात टक्क्यांनी वाढलेली दिसते.

कुंदनच्या झुमक्यांची जोडी मी या डब्यात गेल्या वर्षीच्या नुकसानीनंतर ठेवली. कुंदनमध्ये खड्यामागे चकचकीत वर्ख आणि खाली लाख असते. एकदा कडेच्या फटीतून पाणी आत शिरले की वर्ख काळवंडतो आणि खडा निर्जीव दिसू लागतो. एका झुमक्यातले तीन खडे असेच झाले होते. सात महिन्यांत चौथा खडा बिघडलेला नाही, परंतु त्या तिघांना डब्याने काही फरक पडला नाही आणि पडणारही नव्हता. कोंदण उघडून नवा वर्ख घालण्यासाठी ते झुमके मी पुढच्या आठवड्यात सराफांकडे देणार आहे.