जुन्या लॅपटॉपवर विंडोज की लिनक्स मिंट?

भाच्याचा प्रश्न: लॅपटॉपला सातव्या पिढीचा इंटेल आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, चालू स्थितीत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मग नवा घ्यायचा की विंडोजऐवजी मिंट ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची?

खर्च: मिंट फुकट. विंडोज ११ साठी इथे अख्खा लॅपटॉपच बदलावा लागेल.

वेग: मिंटला ४ जीबी रॅमही पुरते. अपडेट तुम्ही म्हणाल तेव्हा. ऐन घाईत 'बंद करू नका'चं गोल फिरणारं चाक बघत बसावं लागत नाही.

सॉफ्टवेअर: खरी गोम इथे आहे. हिशेबाचं टॅली, मराठी फॉन्टचं श्रीलिपी, फोटोशॉप या दोघांपैकी विंडोजवरच नीट चालतात. मिंटवर एमएस ऑफिसच्या जागी असलेल्या लिब्रेऑफिसमध्ये वर्डची फाइल उघडते, पण तक्ते कधीकधी सरकतात. युनिकोड मराठीला मात्र दोन्हीकडे इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आहे.

जोडणी: माझ्या जुन्या प्रिंटरला मिंटने लगेच ओळखलं, त्याच्याच स्कॅनरने मात्र एक रविवार खाल्ला. विंडोजवर ड्रायव्हर बहुधा मिळतोच.

ब्राउझर, पत्रं, सिनेमे, प्रोग्रॅमिंग एवढंच असेल तर मिंट. आधी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय आणि आवाज तपासा, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. हिशेब किंवा डीटीपीवर पोट असेल तर विंडोजच, नव्या मशीनसकट. भाचा अजून कॉलेजात आहे. त्याला मी पेनड्राइव्ह दिला.