एकाच मालकाची मर्सिडीज डब्ल्यू१२३: २४० डी की ३०० डी टर्बो?

डब्ल्यू१२३ ही मर्सिडीजची जुनी मालिका. तिच्यातल्या, अमेरिकेत विकल्या गेलेल्या या दोन डिझेल गाड्यांपैकी २४० डी चार सिलिंडरची, २.४ लिटरची, दणकट पण संथ. मॅन्युअल गिअरची मिळाली तरच घ्यावी. ऑटोमॅटिक चढावर दमते. हायवेसाठी पाच सिलिंडरची ३०० डी टर्बो (१९८२-८५) खरी, सुमारे १२० अश्वशक्तीची. मात्र तिच्या ऑटोमॅटिक गिअरला व्हॅक्यूम (नळ्यांतून मिळणारी हवेची ओढ) लागतो. नळी गळली की गिअर धक्क्याने पडतात.

इंजिन बंद करणंही दोन्हींत व्हॅक्यूमवरच, म्हणून किल्ली फिरवल्यावर ते लगेच थांबतं का पाहा. मालकाला इंजिन आधी गरम करू देऊ नका, थंडच सुरू करा. अडखळलं तर ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू होण्यासाठी आतून तापवणारे प्लग) आणि व्हॉल्व्हचं अंतर तपासा. हे अंतर दर २४,००० किलोमीटरला लावावं लागतं, पावत्या मागा. गंज जॅकच्या जागी, बॅटरीच्या ट्रेखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात शोधा. तिथे पत्रा कुजला असेल तर दोन्ही सोडा.