वितरणासोबत कोणता ग्राफिक्स ड्रायव्हर द्यावा? मुक्तस्रोत आणि बंदिस्त पर्यायांचा तुलनात्मक आढावा

लिनक्सचे वितरण, म्हणजे बसवायला तयार असा संपूर्ण संच, तयार करणाऱ्या गटापुढे ग्राफिक्स ड्रायव्हरबाबत (ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमबाबत) तीन वाटा असतात. केवळ मुक्तस्रोत ड्रायव्हर द्यावेत, मुक्तस्रोत ड्रायव्हर मुळात बसवून चिप उत्पादकाचा बंदिस्त ड्रायव्हर मागेल त्याला द्यावा, किंवा बंदिस्त ड्रायव्हर इन्स्टॉलेशनच्या वेळीच बसवावा. फेडोराच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत (पॅकेजच्या भांडारात) बंदिस्त ड्रायव्हर नाही, उबुंटूत तो वेगळ्या साधनाद्वारे सहज बसवता येतो, तर पॉप ओएसने एनव्हिडियाच्या कार्डांसाठी स्वतंत्र आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) दिलेली आहे. निवड करताना बहुतेक जण आधी वेगाचे आकडे पाहतात. माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न हा आहे की, कर्नल (लिनक्सचा गाभा) अद्ययावत केल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर दुरुस्ती करणे कोणाच्या हातात असेल.

इंटेल आणि एएमडी यांच्या चिपबाबत या तुलनेला आता फारसा वाव उरलेला नाही. दोन्हींच्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग लिनक्सच्या मुख्य स्रोतातच आहे, आणि ओपनजीएल व व्हल्कन (प्रोग्रॅम ज्यांच्यामार्फत चिपकडून चित्रे रेखाटून घेतात ती माध्यमे) पुरवणारा वरचा भाग १९९३ मध्ये ब्रायन पॉल यांनी सुरू केलेल्या मेसा प्रकल्पात आहे. एएमडीने २००७ मध्ये चिपची तांत्रिक माहिती खुली करण्याचे धोरण स्वीकारले आणि २०१५ मध्ये कर्नल ४.२ सोबत एएमडीजीपीयू ड्रायव्हर आला. व्हल्कनसाठीचा आरएडीव्ही हा ड्रायव्हर तर कंपनीबाहेरच्या लोकांनी लिहिला, आणि २०२५ मध्ये कंपनीने स्वतःचा एएमडीव्हीएलके बंद करून आरएडीव्हीलाच पाठबळ जाहीर केले. बाहेरच्यांनी लिहिलेला ड्रायव्हर उत्पादकाने अशा रीतीने स्वीकारावा, ही मुक्तस्रोत पद्धतीच्या बाजूने मोठी साक्ष आहे.

तरीही ‘मुक्तस्रोत’ या शब्दाची मर्यादा येथेच समजून घ्यावी लागते. एएमडीची आधुनिक कार्डे चिपमध्ये भरावयाच्या बंदिस्त फर्मवेअरशिवाय (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमशिवाय) नीट चालत नाहीत, त्यामुळे फर्मवेअरही नाकारणाऱ्या ट्रिस्केलसारख्या वितरणात ड्रायव्हर मुक्त असूनही कार्डाचा पूर्ण उपयोग होत नाही. डेबियनने २०२२ मध्ये सभासदांचे मतदान घेऊन हा पेच सोडवला आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्ये असे फर्मवेअर समाविष्ट केले. काही अडथळे तर कोडच्या पलीकडचे असतात. एचडीएमआय २.१ या स्क्रीन-जोडणीच्या मानकाचा एएमडीने मांडलेला मुक्तस्रोत आराखडा एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नामंजूर केला. एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ स्वरूपांचे हार्डवेअर डीकोडिंग मेसामध्ये तयार असूनही पेटंटच्या चिंतेमुळे फेडोराने ते २०२२ मध्ये आपल्या पॅकेजमधून वगळले. म्हणजे कोड मुक्त असला तरी तो वितरित करता येईलच असे नाही, आणि ही तपासणी प्रत्येक वितरणाला स्वतंत्रपणे करावी लागते.

खरी निवड एनव्हिडियाच्या कार्डांबाबत करावी लागते, आणि तेथेही सरसकट उत्तर देणे चुकीचे ठरते, कारण उत्तर कार्डाच्या पिढीनुसार बदलते. नूव्हो हा मुक्तस्रोत ड्रायव्हर उत्पादकाच्या मदतीशिवाय, चिपच्या वर्तनाचा उलगडा करत लिहिला गेला आणि २०१० मध्ये कर्नल २.६.३३ मध्ये आला. एनव्हिडियाच्या मॅक्सवेल या चिपमालिकेच्या दुसऱ्या पिढीपासून, म्हणजे २०१४ च्या सुमारास, चिपचा वेग बदलण्यासाठी कंपनीची स्वाक्षरी असलेले फर्मवेअर अनिवार्य झाले. तेव्हापासून पुढच्या पास्कल मालिकेपर्यंतची कार्डे नूव्होवर सुरू होतानाच्या मंद वेगातच अडकून राहतात. हा दोष लिहिणाऱ्यांच्या कौशल्याचा नव्हता. दाराची किल्लीच त्यांच्याकडे नव्हती. त्याहून नव्या ट्युरिंग पिढीपासून चिपच्या आत जीएसपी हा स्वतंत्र प्रोसेसर वेगाचे नियंत्रण करतो, आणि २०२४ च्या आरंभी आलेल्या कर्नल ६.७ पासून नूव्हो त्याचा उपयोग करू शकतो. त्यावर मेसातील एनव्हीके हा व्हल्कन ड्रायव्हर उभा आहे, आणि झिंक हा थर व्हल्कनवरूनच ओपनजीएल पुरवतो. नित्याचे डेस्कटॉप काम आणि बरेच खेळ यांसाठी ही जोडी आज विश्वासाने देता येते. वेगात मात्र बंदिस्त ड्रायव्हर अजून पुढे आहे, आणि कूडा या एनव्हिडियाच्या प्रणालीवर चालणाऱ्या गणनेसाठी त्याला पर्याय नाही.

एक गैरसमज निर्णय घेणाऱ्यांना वारंवार अडचणीत आणतो. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये आपली कर्नल मॉड्यूल (ड्रायव्हरचे कर्नलला जोडले जाणारे भाग) मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केली, आणि त्यावरून संपूर्ण ड्रायव्हरच मुक्त झाला असे अनेकांनी मानले. प्रत्यक्षात ओपनजीएल, व्हल्कन आणि कूडा पुरवणारा वरचा भाग अजूनही बंदिस्त आहे. शिवाय ही मॉड्यूल लिनक्सच्या मुख्य स्रोतात नाहीत. त्यांचा कोड वाचता येतो, आवश्यक तेथे सुधारता येतो आणि कर्नलशी त्यांच्या परवान्याचा वाद राहत नाही, हा लाभ खरा आहे. पण नव्या कर्नलशी जुळवून घेण्याचे काम पूर्वीइतकेच शिल्लक राहते.

हे काम किती आहे, याचा अंदाज वितरणाने आधीच घ्यावा. कर्नलचा अंतर्गत इंटरफेस जाणीवपूर्वक अस्थिर ठेवलेला आहे. मुख्य स्रोतातील ड्रायव्हर प्रत्येक बदलासोबत तेथेच दुरुस्त होतो, तर बाहेरचे मॉड्यूल दर वेळी नव्याने बांधावे लागते. डीकेएमएस हे साधन ही बांधणी वापरकर्त्याच्या संगणकावर आपोआप करते. ती फसली तर वापरकर्त्याला डेस्कटॉपच मिळत नाही. सिक्युअर बूट (स्वाक्षरी असलेलाच कोड चालू देणारी सोय) सुरू असेल तर मॉड्यूलवर स्वाक्षरी लागते, आणि किल्ली नोंदवण्याची निळी स्क्रीन पाहून नवखा माणूस थांबतो. म्हणून बंदिस्त ड्रायव्हर द्यायचाच असेल, तर प्रत्येक कर्नलसोबत बांधून आणि स्वाक्षरी करून दिलेले मॉड्यूल डीकेएमएसपेक्षा कितीतरी बरे. त्यासाठी माणसे नसतील तर तिसरी वाट धरूच नये.

जुन्या कार्डांच्या बाबतीत पारडे पुन्हा फिरते. फर्मी पिढीसाठीची बंदिस्त ड्रायव्हरची ३९० ही शाखा २०२२ अखेर आणि केप्लरसाठीची ४७० ही शाखा २०२४ मध्ये थांबली, त्यामुळे त्या संगणकांना नूव्होचाच आधार उरतो. मॅक्सवेल आणि पास्कल यांच्यासाठी ५८० ही शेवटची शाखा आहे.

म्हणून मी दुसरी वाट सुचवेन, पण पिढी ओळखणाऱ्या इन्स्टॉलरसह: इंटेल आणि एएमडीला केवळ मेसा, ट्युरिंग व नंतरच्या कार्डांना मुळात नूव्हो व एनव्हीके आणि कूडा हवे असणाऱ्यांना बंदिस्त संच, दुसऱ्या पिढीच्या मॅक्सवेलला आणि पास्कलला ५८० ची स्पष्ट शिफारस, त्याहून जुन्यांना नूव्हो. बंदिस्त पॅकेज बसताना नूव्होला सुरू होण्यापासून रोखते. बाहेरचे मॉड्यूल लोड न झाल्यास ही बंदी आपोआप उठून नूव्होवर डेस्कटॉप उघडेल, अशी सोय पहिल्या आवृत्तीपासून ठेवावी आणि प्रत्येक वेळी कर्नल अद्ययावत करतानाच्या चाचणीत मॉड्यूल मुद्दाम काढून ती तपासून पाहावी.