इराणी हॉटेलातली ती गोल पाठीची खुर्ची, जुनी घ्यावी का?

रेटिंग ४/५

ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर मार्केटमधून घेतली. मुंबईतल्या कयानी या इराणी हॉटेलात असतात ना, तसलीच, वाकवलेल्या लाकडाची. सीटखाली मेड इन चेकोस्लोवाकियाचं अर्धं फाटलेलं लेबल होतं आणि खरं तर त्यासाठीच घेतली, कारण तो देश 1918 ला झाला आणि 1992 संपताना फुटला, म्हणजे खुर्ची मधल्या काळातली एवढं नक्की.

बसायला मस्त. एका हाताने उचलता येते, पाठ छान टेकते, छोट्या घरात अजिबात अडचण होत नाही.

आता हिची हिस्ट्री सांगतो, कारण ती माहीत असली की घेताना काय बघायचं ते आपोआप कळतं. मिशाएल थोनेट नावाच्या जर्मन कारागिराने 1859 मध्ये 14 नंबर नावाचं हे मॉडेल काढलं आणि 1861 ला मोराव्हियातल्या (पुढे चेकोस्लोवाकियात गेलेला भाग) बिस्त्रित्से गावी मोठा कारखाना टाकला, आजूबाजूला बीच नावाच्या झाडांचं जंगल म्हणून. बीचच्या दांड्या वाफेवर मऊ करायच्या, बाहेरच्या बाजूने पोलादी पट्टी आवळायची आणि मग लोखंडी साच्यावर वाकवायच्या. पट्टी नसेल तर बाहेरची बाजू ताणून फाटते, सगळी अक्कल त्या पट्टीत आहे! अख्ख्या खुर्चीला लाकडाचे 6 भाग, 10 स्क्रू, 2 नट, बस. भाग सुटे केले की 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात बसायच्या, बोटीने जायच्या आणि तिकडे पोचल्यावर जोडायच्या. 1930 पर्यंत 5 कोटी खपल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाना सरकारने घेतला, 1953 पासून नाव टोन झालं, पण आजही त्याच जागेवर लाकूड वाकवतात. आपल्या गिरणगावात राहणाऱ्या माणसाला याचं किती अप्रूप वाटतं काय सांगू, इथे गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि तिकडे 160 वर्षांनीही तेच काम चालू आहे.

तर मुद्दा असा की ही खुर्ची स्क्रूवर उभी आहे. घेताना उलटी करा आणि सांधे बघा. डुगडुगत असेल तर घाबरू नका, बरेचदा स्क्रू आवळले की झालं. पण खिळे ठोकलेले किंवा फेविकॉल ओतलेला दिसला तर भाव पाडा नाहीतर सोडा, कारण मग ती सुटी करता येत नाही आणि जोर आला की लाकूड तिथेच चिरतं. माझ्या दुकानदाराने मागच्या पायात दोन खिळे मारून वर जाड काळा रंग फासला होता, एक स्टार त्याचाच कापलाय. सुताराने खिळे काढून बोल्ट टाकला, आता घट्ट आहे.

सीटला वेताच्या जाळीऐवजी प्लायवूड ठोकलेलं असेल तर वेत विणणारा माणूस आधी शोधा आणि त्याचा खर्च धरूनच घासाघीस करा.