मैत्रिणींची पावसाळी सहल: आंबोली की गोकाक?

बेळगावातून आम्हा मैत्रिणींच्या दोन सहली झाल्या, दोन्ही पावसाळ्यातल्या. आंबोलीला मुक्काम केला. धुक्यात एकमेकींचा हात धरून चालणं, हिरण्यकेशीच्या उगमापाशी गार पाण्यात पाय सोडून बसणं, रात्री पांघरुणात शिरून पहाटेपर्यंत बोलत राहणं. सासर, नोकरी, आजारपण, कुणीच काही राखून ठेवलं नाही. गोकाक एका दिवसाचं. घटप्रभा नदीची धबधब्यात 52 मीटरची उडी, झुलता पूल, परतताना करदंट या तिथल्या मिठाईचे डबे. देखणंच, पण त्या गर्जनेत शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नाही. (हिरण्यकेशी पुढे घटप्रभेलाच मिळते, म्हणजे आंबोलीचं पाणीच इथे कोसळतं!) घरी तान्हं मूल असेल तर गोकाकला जा. एक रात्र मोकळी मिळत असेल, तर मात्र आंबोलीच.