जातिलुविहजवळचे शेतकरी घर: मुक्काम, जेवण आणि जमिनीचा हिशेब

बालीच्या तबानान जिल्ह्यात, बातुकारू डोंगराच्या उतारावर असलेली जातिलुविहची भाताची पायरीशेते पाहायला येणारे बहुतेक पर्यटक सकाळी गाडीने येतात, तिकीट काढतात, छायाचित्रे घेतात आणि जेवण आटोपून उबूदकडे किंवा समुद्रकिनाऱ्याकडे निघून जातात. याच परिसरातल्या एका लहानशा वस्तीत एक शेतकरी कुटुंब आपल्या आवारातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते, घरचे जेवण वाढते आणि ज्यांची इच्छा असेल त्यांना सकाळी आपल्या शेतावर आणि पाण्याच्या पाटावर घेऊन जाते. तिथे काही दिवस राहून आल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. घरात एका वेळी फार माणसे सांभाळता येत नाहीत आणि नाव छापू नये अशी त्यांनीच विनंती केली, म्हणून नाव देत नाही. मात्र जातिलुविह ज्यात येते त्या पनेबेल तालुक्यात या पद्धतीने पाहुणे ठेवणारी घरे आणखीही आहेत आणि पुढचे बरेचसे विवेचन त्यांनाही लागू पडेल. माझे मत आधीच सांगतो: खोली साधी, जेवण उत्तम आणि शेतफेरी अशी, की ज्याच्या घरी थोडीफार शेती आहे किंवा होती अशा कोणत्याही मराठी माणसाने केवळ तिच्यासाठी इतक्या लांब यावे.

खोलीबद्दल थोडक्यात. लाकडी पलंग, स्वच्छ चादरी, मच्छरदाणी, एक पंखा. ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवर असल्यामुळे पंख्याची गरज पडत नाही, उलट रात्री पांघरूण लागते. आरक्षणाच्या संकेतस्थळावर गरम पाण्याची सोय असल्याचे लिहिले होते, ती प्रत्यक्षात नव्हती. सांगितल्यावर घरच्या बाईंनी चुलीवर पाणी तापवून दिले, पण संकेतस्थळाने ती नोंद दुरुस्त करायला हवी. कोंबडे पहाटे चारपासून आरवतात, हे झोप सावध असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

घराची रचना मात्र सावकाश पाहण्यासारखी आहे. बालीतल्या शेतकऱ्याचे घर भिंतीने वेढलेल्या आवारात सुट्या सुट्या दालनांचे असते. डोंगराकडचा आणि उगवतीकडचा कोपरा सर्वांत पवित्र मानला जातो, म्हणून पूर्वजांची आणि देवांची मंदिरे त्या कोपऱ्यात. स्वयंपाकघर त्याच्या उलट, समुद्राच्या दिशेला. मध्ये झाडून लख्ख केलेले अंगण. आणि एका बाजूला खांबांवर उभे असलेले भाताचे कोठार. कोठाराच्या वरच्या भागात भात साठवतात आणि खालच्या ओट्यावर घरची माणसे बसतात, गप्पा मारतात, दुपारी आडवी होतात. आमचे जेवण याच ओट्यावर होत असे. रोज सकाळी स्वयंपाक झाला, की कोणीही जेवायच्या आधी घरातल्या आजी केळीच्या पानाचे बोटभर चौकोनी तुकडे घेत, प्रत्येकावर भाताची चिमूट आणि मीठ ठेवत आणि ते चुलीवर, पाण्याच्या माठाजवळ, पाट्यावर, दारात आणि मंदिरापाशी मांडत. नैवेद्य दाखवून झाल्याशिवाय घरात कोणी घास घेत नाही. पाहुण्यांसाठी हे मुद्दाम केलेले काही नाही, आणि त्यांनी ते पाहुण्यांसाठी थांबवलेलेही नाही, ही मला या घरातली सर्वांत आवडलेली गोष्ट.

जेवणात घरच्या शेतातला लाल तांदूळ, ओले खोबरे घालून कालवलेल्या पालेभाज्या आणि शेंगा, गोडसर परतलेले तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), तळलेले टोफू आणि कच्चा कांदा, मिरची, गवती चहा यांचे वरून गरम तेल घातलेले तोंडीलावणे असे. लाल तांदूळ चावायला थोडा कठीण, पण त्याला स्वतःची चव आहे आणि तो पोटाला टिकतो. शाकाहारी लोकांनी एक काळजी घ्यावी: बहुतेक तिखट चटण्यांमध्ये सुकवलेल्या कोळंबीचा लगदा असतो आणि तो दिसत नाही, वासावरून कळतो. पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले तर वेगळा पाटा वापरून चटणी वाटून देतात. लाल तांदूळ भाजून केलेले चहासारखे पेय इथे विकत मिळते. ते आवर्जून घ्यावे.

आता शेतफेरी. आम्हाला नेणारे या घराचे जावई होते. बालीत वारसा साधारणपणे मुलाकडून पुढे जातो, परंतु मुलगा नसेल तर मुलीला वारसाचे स्थान देऊन जावयाला घरात आणण्याची रीत आहे आणि तबानान जिल्ह्यात ती विशेष रुळलेली आहे. असा जावई सासऱ्याच्या घरच्या देवांची, पूर्वजांची आणि गावाच्या कामांची जबाबदारी स्वीकारतो. त्याची मुले आईच्या घराण्याची मानली जातात. आपल्याकडे घरजावई म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, त्याचा इथे मागमूसही नव्हता. बालीतल्या पारंपरिक गावांच्या, म्हणजे रूढी आणि मंदिरे सांभाळणाऱ्या गावसंस्थांच्या, शिखर परिषदेने 2010 मध्ये मुलींनाही आईवडिलांच्या संपत्तीत वाटा मिळावा असा निर्णय घेतला आहे. घराघरांत त्याची अंमलबजावणी सारखी नाही, हे या जावयांनीच मोकळेपणाने सांगितले.

त्यांनी पहिल्यांदा नेले ते शेतावर नाही, तर पाटावर. ओढ्याचे पाणी वळवलेल्या एका ठिकाणी पाटात आडवा ओंडका बसवलेला आहे आणि त्याच्या वरच्या कडेला खाचा कोरलेल्या आहेत. एक खाच रुंद, दोन अरुंद. पाणी त्या खाचांमधून जितके जाईल तितके त्या त्या बाजूच्या शेतांचे. झडप नाही, कुलूप नाही, मीटर नाही. ओढ्याला पाणी वाढले तर सर्वांचे वाढते आणि आटले तर सर्वांचे त्याच प्रमाणात आटते. खाचेची रुंदी कोणी परस्पर वाढवली तर ती येताजाता प्रत्येकाला दिसते. मी तिथे बराच वेळ उभा होतो. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या पांझरा, मोसम या नद्यांवरच्या सामायिक सिंचनाच्या फड पद्धतीबद्दल ज्यांना माहिती आहे, त्यांना या व्यवस्थेचे मर्म लगेच कळेल.

या व्यवस्थेला सुबाक म्हणतात. अकराव्या शतकातल्या कोरीव लेखांत तिचे उल्लेख सापडतात आणि 2012 मध्ये युनेस्कोने बालीतल्या सुबाक भूप्रदेशाला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. सुबाक ही गावाची शाखा नाही. एका पाटाचे पाणी ज्यांच्या शेतात जाते ते सर्व तिचे सभासद, मग ते कोणत्याही गावात राहोत. आणि ज्याचे घर गावात आहे पण ओलिताचे शेत नाही, तो तिचा सभासद नाही. तिचा प्रमुख सभासदच निवडतात, तिचे स्वतःचे लिखित नियम असतात, तिची स्वतःची मंदिरे असतात. पाट साफ करण्याच्या दिवशी कोणी आला नाही तर त्याला त्याबदली पैसे भरावे लागतात. लावणीचा काळ सर्वांनी मिळून ठरवायचा असतो आणि त्याचे कारण केवळ पाण्याची वाटणी नाही: सगळा शिवार एकाच वेळी रिकामा राहिला तर किडीला खायला काही उरत नाही. 1970 च्या दशकात जास्तीत जास्त वेळा नवे भात लावण्याचा सरकारी आग्रह झाला, तेव्हा ही ताळमेळाची लावणी मोडली आणि तपकिरी तुडतुड्याने बालीतली शेते उद्ध्वस्त केली. पुढे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग यांच्या अभ्यासाने दाखवून दिले, की पाण्याच्या मंदिरांमधून ठरणारे वेळापत्रक शेतीच्या दृष्टीनेही अचूक होते. हे सारे शेताच्या बांधावर उभे राहून, समोर पाणी वाहत असताना समजून घेण्यात जो लाभ आहे, तो कोणत्याही माहितीफलकातून मिळत नाही.

मालमत्तेची गोष्ट याच फेरीत हळूहळू उलगडत गेली. ज्या आवारात आम्ही राहत होतो ती जागा या कुटुंबाने विकत घेतलेली नाही आणि त्यांना ती विकताही येत नाही. ती पारंपरिक गावाची आहे. कुटुंबाला तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहण्याचा हक्क आहे आणि त्या बदल्यात गावाची कामे करण्याचे बंधन आहे: मंदिराच्या उत्सवाची तयारी, वर्गणी, कोणाच्या घरी अंत्यसंस्कार असतील तर हातभार. घराणेच खुंटले तर जागा गावाकडे परत जाते. शेत मात्र त्यांच्या नावावर आहे. तीस आरच्या आसपास, म्हणजे पाऊण एकर. बालीतही शेत आरमध्येच मोजतात, त्यामुळे सातबारा वाचायची सवय असलेल्या माणसाला आकडे लगेच कळतात. इंडोनेशियाच्या 1960 च्या मूलभूत जमीन कायद्याने पूर्ण मालकीचा हक्क फक्त त्या देशाच्या नागरिकांना दिला आहे. कायदा जुना असला तरी असंख्य शेतकऱ्यांकडे कालपरवापर्यंत केवळ करपावत्याच होत्या; 2017 पासून सरकारने राबवलेल्या सरसकट नोंदणीच्या मोहिमेत बऱ्याच जणांना प्रमाणपत्रे मिळाली. याशिवाय हे कुटुंब मंदिराच्या मालकीचा एक लहान तुकडा निम्म्या वाट्याने कसते. त्या तुकड्याचे अर्धे पीक मंदिराच्या खर्चाला जाते.

घराची जागा गावाची, शेत कुटुंबाचे आणि पाणी पाटावरच्या सर्वांचे. या तीन मालक्या एकमेकींना धरून आहेत, त्यामुळे शेत विकले तर फक्त शेत विकले जात नाही. वरच्या शेतात भाताऐवजी बंगला झाला की खालच्या शेताचे पाणी अडते, लावणीचा मेळ चुकतो आणि पाट साफ करणारा एक हात कमी होतो. दक्षिण बालीत, चांगू आणि त्याच्या आसपास, हे मोठ्या प्रमाणावर घडून गेले आहे. तिथल्या भातशेतांच्या जागी आज व्हिला आणि उपाहारगृहे आहेत. जातिलुविहला वारशाचे संरक्षण आहे, तरीही दडपण जाणवते. विमानतळावरून आणण्यासाठी आम्ही ज्या कंपनीची गाडी घेतली होती, तिच्या माणसाने वाटेतच आम्हाला तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने जमीन घेण्याचा आणि नको असल्यास स्थानिक माणसाच्या नावावर ‘कायमची’ घेण्याचा सल्ला दिला. दुसरा मार्ग वरच्याच 1960 च्या कायद्याने सरळसरळ अवैध ठरवलेला आहे आणि त्यात पैसे घालणाऱ्याच्या हाती काहीही उरत नाही. पाहुण्यांना शेत दाखवायला नेताना शेत विकण्याची बोलणी करणारी ही सेवा मी पुन्हा घेणार नाही आणि कोणी घेऊही नये असे मला मनापासून वाटते.

घरमुक्कामाच्या उणिवा तुलनेने लहान आहेत. घरात इंग्रजी जेमतेम आहे आणि सुबाकसारखा विषय फोनवरच्या भाषांतराने समजून घेताना बरेच निसटते. त्यांनी पाटाचा, शेतांच्या वाटणीचा आणि मंदिरांचा एक साधा हाताने काढलेला नकाशा करून ठेवला तर पाहुण्यांना फार उपयोग होईल; मी तसे त्यांना सुचवले आहे. फेरी दोन तासांहून जास्त चालते, बांध अरुंद आणि ओले असतात, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी फक्त पाटापर्यंत जाऊन परतावे, तसे चालते. दुपारचे जेवण एकदा फार उशिरा मिळाले, कारण शेजारी कापणी होती आणि सगळे घर तिकडे गेले होते. आधी सांगितले असते तर आम्हीही गेलो असतो.

खर्चाचे म्हणाल तर दोघांची खोली न्याहारीसह दिवसाला साडेतीन लाख रुपिया, म्हणजे आपल्या दोन हजार रुपयांच्या आत पडली. जेवण आणि शेतफेरी यांचे पैसे वेगळे, तेही वाजवी. फेरीच्या रकमेतला काही भाग सुबाकच्या निधीला जातो, असे त्यांनी न विचारता सांगितले. याशिवाय आगमनानंतरच्या व्हिसासाठी माणशी 5 लाख रुपिया आणि फेब्रुवारी 2024 पासून बालीने परदेशी पर्यटकांवर लावलेला दीड लाख रुपियांचा कर धरावा. सार्वजनिक वाहन नाही. विमानतळापासून मोटारीने दोन तासांहून अधिक वेळ लागतो. परतताना लाल तांदूळ थेट घरातून विकत घ्यावा, दुकानातल्यापेक्षा ताजा असतो आणि पैसे पिकवणाऱ्याच्याच हाती पडतात.

कधी जावे, याचे उत्तर काय पाहायचे आहे यावर अवलंबून आहे. उंच वाढणारा, जास्त दिवस घेणारा स्थानिक लाल भात वर्षाच्या सुरुवातीला लावतात आणि जून-जुलैच्या सुमारास कापतात. त्यानंतर कमी दिवसांचे दुसरे भात येते. हिरवी शेते हवी असतील तर मार्च-एप्रिल बरा, पाऊस सहन करायची तयारी ठेवून. मला विचाराल तर कापणीच्या दिवसांत जावे आणि शेतावर जाण्याची परवानगी पहिल्याच संध्याकाळी मागून ठेवावी.