घाबरल्यावर काय करावं: लांब उच्छ्वास की स्नायू शिथिलीकरण?

मुलाखतीच्या दाराबाहेर छाती धडधडतेय, तर श्वासच आधी. नाकाने 4 सेकंद आत, 6 सेकंद बाहेर. मिनिटाला 6 श्वास. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हचा (मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या नसेचा) हृदयावरचा लगाम आवळतो, ठोके मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांब हवा. तीन-चार मिनिटं पुरतात. फसतं ते ‘खोल श्वास घे’ या प्रेमळ सल्ल्यामुळे. माणूस छाती फुगवून भराभर हवा ओढतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती दुप्पट होते. श्वास मोठा नको, सावकाश हवा.

स्नायू शिथिलीकरण ही अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांची पद्धत. तिची आजची छोटी आवृत्ती अशी: मूठ 5 ते 7 सेकंद आवळा, मग 20 सेकंद सैल सोडा आणि फरक जाणवू द्या. पुढे दंड, कपाळ, जबडा, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या. एकूण 15 मिनिटं. पूर्ण जोर लावलात तर पोटरीत गोळा येऊ शकतो. पायाचे चवडे खाली न ताणता वर ओढा. आवळताना श्वास रोखू नका. दुखरी मान वगळा.

गर्दीच्या लोकलमध्ये हे जमत नाही, पण रात्री दात आवळून कूस बदलणाऱ्यांसाठी मी हेच निवडेन. श्वासाकडे लक्ष गेलं की ज्यांची घबराट वाढते, त्यांच्यासाठीही.

दोन्हींचा सराव शांत असतानाच, रोज करा. घबराटीचे झटके वारंवार येत असतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. छातीत दुखत असेल तर थेट दवाखाना.